खाणाऱ्याचं नाव

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं चवळीच्या वाफ्यात ओणवे होऊन कुरतडलेले शेंडे बघत होतो. आमची ही, सुमन, एकेक देठ उजेडाला धरायची. मी म्हटलं, "कुणी का खाईना, गेलं ते गेलं." ती कडाडली, "अहो, भाजी गेली तरी चालेल, खाणाऱ्याचं नाव लागलंच पाहिजे!"

अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला मुलाकडे येऊन तिसरं वर्ष. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत. हिला काम उरलं नाही, म्हणून ही परसातल्या चोरांची फौजदार झाली. देठ तिरपा, सुरीनं कापल्यासारखा असला की ससा, नाहीतर ग्राउंडहॉग, म्हणजे मांजराएवढी घूसच ती. फाटून चिंध्या झाल्या असल्या की हरीण, कारण हरणाला वरचे पुढचे दात नसतात. हे पटवायला एकदा मुलाच्या साहेबासमोर हिनं वरची कवळी काढली आणि कोथिंबिरीची जुडी ओरबाडून दाखवली. साहेब पोट धरून हसला. मुलगा आठवडाभर बोलला नाही. मीही हिलाच शिव्या घातल्या. माझं तोंडच तसलं. चाळीस वर्षांत बाईला एकदा चांगलं म्हटलं नाही.

तर त्या संध्याकाळी मुलगा डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर आला. "आई, ग्राउंडहॉगच ना? उद्या सकाळी ट्रॅपवाला येतोय. पिंजरा लावायचा की नाही, ते तो देठ बघून ठरवेल. पकडला की मारून टाकतात ते."

"हरीण आहे," ही म्हणाली.

हातातला देठ चांगला तिरपा कापलेला. आंधळ्यालाही कळावं असा. मुलगा आत गेल्यावर मी म्हटलं, "खोटारडे! पोटच्या पोराला फसवतेस?"

"डेकखाली पिल्लं आहेत त्या घुशीची. चार." मग हातांची माती झटकत म्हणाली, "दिवसभर या घरात दुसरं कोण हालतंय? तुम्ही तर टीव्हीपुढे."

"मग मर तिथंच, त्यांच्यापाशी बसून," मी बोललो. हेच आमचं शेवटचं बोलणं.

झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. सकाळी तिला नेलं. मुलगा फोनवर, सून रडतेय. ट्रॅपवाल्याला येऊ नको सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याचा ट्रक दारात लागला तसा मी मागच्या दारानं वाफ्यात गेलो, गुडघे टेकले, आणि तिरपा कापलेला एकेक देठ नखांनी फाडून त्याच्या चिंध्या केल्या.