नाना तायडेंचा तांदळाचा ट्रक

कॅनडातल्या डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. पैज पन्नास डॉलरची. हजर: शेजारचे नाना तायडे, समोरचा रोहन आणि पंच म्हणून मी.

नानांचा लाल पिकअप त्र्याण्णव सालचा, दोनशे चाळीस हॉर्सपॉवरचा. रोहनची नवी मसल कार चारशे ऐंशीची. म्हणजे बरोबर दुप्पट. मी तसं कागदावर मांडून दाखवलं, पण नानांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"हॉर्स राहू दे बे. पाठीवर काय घेते याची गाडी?"

हा प्रश्न ते प्रत्येक गाडीबद्दल विचारतात. एकदा स्ट्रेचरवर आडवे असताना अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यालाही विचारला होता. तो म्हणाला, "यू, सर."

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, त्यामुळे बर्फात चाकं जागेवरच फिरतात. म्हणून लोक मागे वाळूच्या पिशव्या टाकतात. नाना तांदूळ टाकतात. "वाळू काय खाता येते?" दर नोव्हेंबरात चाळीस पौंडी आठ पोती ताडपत्रीखाली जातात. नाना एकटे राहतात, डायबेटिसमुळे भाताला शिवत नाहीत, तरी एप्रिलपर्यंत ट्रक रिकामा होतो. विचारलं की म्हणतात, "सुकतो तांदूळ." तीनशे वीस पौंड सुकून सुकून किती सुकेल, हे मला आजवर पटलेलं नाही.

पैज साधी होती: आमच्या गल्लीचा बर्फाळ चढ न थांबता मेलबॉक्सपर्यंत चढायचा.

"काका, यू आर डन," रोहन म्हणाला.

"तू चढ तर आधी."

रोहनची गाडी खेकड्यासारखी तिरकी तिरकी गेली, पण पोचली. नानांचा ट्रक अर्ध्यावर गुरगुरला, चाकं फिरली आणि तो हळूच मागे घसरत माझ्या ड्राइव्हवेशेजारच्या बर्फाच्या ढिगात टेकला. 'माझा ट्रक कुठं अडला नाही' हे वीस वर्षं ऐकवणाऱ्या नानांनी इंजिन बंद केलं. मी ताडपत्री उचलली. खाली काहीच नव्हतं.

"पोती कुठंयत?"

"सुकली."

डिसेंबरातच? त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढून रोहनला दिली आणि घरात गेले.

संध्याकाळी घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला मी माझ्या बेसमेंटमध्ये उतरलो. तिथे तीन विद्यार्थिनी भाड्याने राहतात. ओट्याखाली दोन पोती होती, नानांच्या निळ्या दोरीने बांधलेली.

"नानांनी दिली?"

"देत नाहीत हो काका," त्यातली एक हसून म्हणाली. "म्हणतात, 'ट्रकला लय जड होऊन राहिलं पोरींनो, जरा हलका करा.' बाकीची पुढच्या दोन बेसमेंटमध्ये उतरवली. यंदा सगळ्यांच्याच कामाच्या शिफ्ट कमी झाल्यात ना." मग म्हणाली, "त्यांना जेवायला थांबा म्हटलं की लगेच थांबतात. भात सोडून सगळं खातात. नऊ वाजले तरी उठत नाहीत."

मी रोहनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने एक नवं पोतं ट्रकमध्ये आणून टाकलं. नाना स्वेटरवरच बाहेर आले.

"काय बे हे?"

"वजन, काका. संडेला रिमॅच."

नानांनी पोतं दाबून पाहिलं. "एका पोत्यानं चढ चढत नसतो," म्हणाले. ताडपत्री बांधता बांधता त्यांची नजर माझ्या बेसमेंटच्या खिडकीकडे गेली. "तरी जडच वाटून राहिलं."

हिशेब असा: पन्नास डॉलर नानांनी रोहनला दिले, रोहनने किराणा दुकानदाराला. पोतं एकोणपन्नास डॉलर नव्याण्णव सेंटचं. एका सेंटचं नाणंच बंद झाल्यामुळे उरलेला एक सेंट हल्ली कॅनडात कोणी परत देत नाही. तोही दुकानदारालाच मिळाला.