गुणाजीचा सल्ला आणि लवूचा व्हिसा

मरोळच्या कारखान्यात टाइमकीपर असलेल्या गुणाजीला सल्ला देण्याची भारी खोड. (त्याचं ऐकून मेव्हण्याने म्हैस विकून शिवणयंत्र घेतलं होतं. मेव्हण्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता.) अशा माणसाच्या घरी मॉरिशसहून शिकायला आलेला लवू भाडेकरू म्हणून राहिला.

"सायन्समध्ये काय ठेवलंय? कॉमर्स घे," गुणाजी म्हणाला. भोळ्या लवूने कॉलेज सोडलं. कॉमर्सचे प्रवेश मात्र केव्हाच संपले होते. आता विद्यार्थीच नाही तर विद्यार्थ्याचा व्हिसा कसला? परदेशी लोकांच्या कचेरीतून बोलावणं आलं. खुलासा करा, नाहीतर देश सोडा.

"नाव तुम्ही कापलंत, आता तुम्हीच जोडून आणा," गुणाजीची बायको रत्नप्रभा म्हणाली आणि लवूच्या ताटात मासा वाढून डोळे पुसू लागली.

गुणाजीने जुन्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांचे पाय धरले (इतके घट्ट, की एक बूट हातात आला) आणि लवूला परत दाखल करून घेतलं. मग कचेरीत वजन पडावं म्हणून शेजाऱ्याचा लग्नातला सूट चढवला, काळा चष्मा लावला आणि फक्त इंग्रजीत बोलायचं ठरवलं.

लवूचे पणजोबा राजापूरकडचे. घरात जपलेल्या गोड, जुन्या मराठीत त्याने कचेरीतल्या साहेबांना नमस्कार केला. साहेबही तिकडचेच निघाले. लवूला घरमालक समजून त्यांनी खुर्ची दिली आणि सूटवाल्यालाच परदेशी विद्यार्थी समजून इंग्रजीत विचारलं, कॉलेज का सोडलं?

"माय ॲडव्हाइस, सर. व्हेरी बॅड ॲडव्हाइस."

"स्वतःचाच सल्ला ऐकलात?"

"नो सर. आय नेव्हर लिसन."

शेवटी साहेबांनी पासपोर्टातला फोटो पाहिला. प्रिन्सिपॉलांची चिठ्ठी वाचली. असं मराठी बोलणाऱ्या पोराला परदेशी म्हणायला जीभ रेटत नाही, असं म्हणून त्यांनी लवूचा व्हिसा पुन्हा चालू केला. लवूने वाकून नमस्कार केला.

"मग हे गृहस्थ कुठल्या देशाचे? यांचा पासपोर्ट कुठाय?" साहेबांनी गुणाजीकडे बोट दाखवलं.

घाबरल्यावर गुणाजीचं मराठी पळालं. "नो पासपोर्ट, सर," एवढंच तोंडातून निघालं. लवू कागदावर परदेशी, त्याची साक्ष चालेना; ओळखीचं इथलं माणूस येईपर्यंत गुणाजीला बाकावर बसवून ठेवलं.

लवू रत्नप्रभेला घेऊन आला. साहेबांनी विचारलं, "बाई, यांना ओळखता?"

तिने सुटाकडे, चष्म्याकडे सावकाश पाहिलं.

"ओळखते हो. पण पाठवायचंच असेल, तर कुठे पाठवताय ते आधी सांगा. जरा लांबचं असेल तर विचार करते."