मागून येणाऱ्या सरोजाक्का

आमच्या शेजारच्या सरोजाक्का कुठल्याही तान्ह्या बाळाला समोरून भेटत नसत. त्या मागून यायच्या. बाळ आईच्या मांडीवर असलं, की या दबक्या पावलांनी पाठीमागे जाणार, पिशवीतून स्टीलची वाटी-चमचा काढणार आणि त्याच्या कानाशी टण्णकन वाजवणार. बाळानं मान वळवली की, "सरी! हा कान ठीक." मग दुसरा. राजाजीनगरच्या बसस्टॉपवर एका बाईनं त्यांना साखळीचोर समजून गर्दी जमवली होती. "जमू दे," अक्का म्हणाल्या, "पोरानं मान वळवली ना!"

अक्का बालकेंद्रात नर्स. एकट्याच राहायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, म्हणून मराठीत कानडी कालवलेली. नवऱ्याला तिथल्या पीण्या भागातल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून थेट त्यांच्या तावडीत येऊन पडलो.

आमच्या मुक्ताच्या बारशाला पाळणा म्हणून होण्याआधीच वाटी वाजली. पोरगी किंचाळली. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच वाजवली. अक्का मात्र खूश. "छान दचकली! आता ठेवा नाव."

नंतर मला तर त्यांनी जेरीस आणलं. मुक्ताला दूध पाजत मी टीव्ही बघत बसले, की या दारातून ओरडणार, "अगं, तोंड बघ तिचं! बोल तिच्याशी! पोर काय पेट्रोल भरायला आलंय?" केबल नुकतीच आली होती हो घरात. एक मालिका म्हणून धड बघू दिली नाही बाईनं.

एकदा नवऱ्याचे साहेब सहकुटुंब जेवायला आले. अक्कांनी त्यांच्या छोट्यासमोर जमिनीवर चुरमुरे टाकले. चिमटीनं उचलतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यानं उचलले. तेवढ्यावर थांबतील तर त्या अक्का कसल्या! "स्वल्प इकडे बघ रे," म्हणत हनुवटी धरली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "डावा डोळा आत जातोय याचा. उद्याच दाखवा." साहेबीणबाईंनी खिरीची वाटी तशीच ठेवली. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. पुढे कारखान्याच्या संमेलनात छोटा चष्मा लावून पळताना दिसला, पण साहेबांकडचं आमचं आमंत्रण गेलं ते गेलंच.

आणि एवढं सगळं दुसऱ्याला सुनावणारी ही बाई आमचं मात्र एक ऐकून घेईना! आपण बोलायला लागलो, की त्यांचंच सुरू. रेडिओ गल्लीभर. दाराची घंटा वाजवून बोट दुखायचं. माझ्या मते हा निव्वळ ताठा होता.

मुक्ता तीन वर्षांची झाली. तिचा आवडता खेळ 'अक्का-अक्का'. एका दुपारी अक्का आमच्याकडे अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मुक्ता वाटी-चमचा घेऊन दबक्या पावलांनी त्यांच्या मागे गेली आणि कानाशी वाजवली. अक्कांनी शेंग सोलली. मुक्तानं दुसऱ्या कानाशी वाजवली. अक्कांनी दुसरी शेंग घेतली.

मुक्ता समोर येऊन उभी राहिली. "आई, अक्काचे कान ठीक नाहीत."

अक्कांनी तिच्या हातातली वाटी पाहिली, मग माझा चेहरा. हातातली शेंग तशीच राहिली.

माझा पाराच चढला. त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं म्हटलं, "अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला कळणार गं?"

"मग दाखवलं का नाही? गावातल्या आयांना हाताला धरून नेता! लवकर कळलं तर उपाय होतो, हे कोण सांगतं दिवसभर?"

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांच्या मानानं फार हळू बोलल्या, "केंद्रात कळलं, तर पोरं काढून घेतील माझ्याकडून." पदराला हात पुसत म्हणाल्या, "आणि कानाच्या दवाखान्यात पोराला आईच्या मांडीवर बसवतात तपासताना. म्हणजे भीत नाही ते. मी कोणाबरोबर जाऊ?"

इतका राग आला मला त्या बाईचा, की डोळ्यांत पाणीच आलं. भिंतीला भिंत लागून आम्ही राहतो आणि म्हणे कोणाबरोबर!

सोमवारी रिक्षात घालून त्या दवाखान्यात नेलंच त्यांना. तिथल्या बाकावर मी त्यांना अगदी खेटून बसले. त्यांनी माझा हात असा धरला, की बांगड्या रुतल्या. मुक्ता त्यांच्या मांडीवर चढून बसली. तपासणाऱ्या बाई दारात आल्या, मुक्ताकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "या, मुलीला घेऊन आत या."

"मुलीचे कान ठीक आहेत," मी म्हटलं. "आमच्या अक्कांना बघा. आणि मी त्यांच्याबरोबर आत येणार आहे."