गाडीला दिसलेले देव

उभा जन्म मी गौळाऊ बैलांची जोडी हाकली आहे. त्यामुळे वाहन या विषयात मला कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं म्हणतो आहे, लक्षात ठेवा!

पिपरी मेघेला राहणाऱ्या माझ्या मुलानं, आदेशनं, नवी कार घेतली. साधीसुधी नव्हे! समोर काही आडवं आलं की स्वतःच ब्रेक लावणारी, वरून मराठीत बोलणारी! आदेशनं पहिल्याच दिवशी बजावलं, "बाबा, समोर काईच लटकवू नोका."

म्हटलं, शहरात राहून पोराला लिंबू-मिरचीची लाज वाटते! पण बैल असो की मोटर, नजर लागली की अडणारच. गाडीच्या नाकावर मधोमध एक काळी गुळगुळीत चौकट होती, जणू कंपनीनं लिंबासाठीच जागा सोडलेली! माझ्या नातीच्या, वर्षालीच्या, साक्षगंधाच्या म्हणजे साखरपुड्याच्या सकाळी मी गुपचूप भलंमोठं लिंबू ओवलं आणि लांब दोरा ठेवून त्या चौकटीपाशी बांधलं. खाली नंबराच्या पाटीमागे सरकवून दिलं. कुणाला दिसायचा प्रश्नच नाही!

साक्षगंध अल्लीपूरला, नवऱ्या मुलाच्या घरी. मुलगा रजत लाखात एक. त्याचे आजोबा मधुकरराव मात्र घड्याळ गिळून जन्मलेले! बोलणी करतानाच ते म्हणाले होते, "ज्याले वेळ पाळता येत नाई, तो सोयरीक काय पाळीन?" तेव्हापासून वर्षालीनं घरातली घड्याळं दहा मिनिटं पुढे लावली होती. पोरीचं मन रजतवर जडलेलं. उशीर करून चालणारच नव्हतं.

आदेश गाडी चालवत होता, शेजारी फेटा बांधून मी, मागे माझी बायको नलू, वर्षाली आणि टोपलीभर नारळ. वायगाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आदेशनं वेग घेतला आणि...

"सावधान! समोर अडथळा!"

गाडी अशी गच्चकन थांबली की माझा फेटा डोळ्यांवर आणि नलूचा नारळ माझ्या पाठीत!

आदेश उतरला. चाकांखाली पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. "बाबा, इथं कुत्रंबी नाई!"

मी गाडीतल्या पडद्यावरची अक्षरं लावून वाचली. स-मो-र अ-ड-थ-ळा. साठी उलटल्यावर मी लिहायला-वाचायला शिकलो, त्यामुळे छापील अक्षरावर माझा भारी विश्वास. "पोट्ट्या, लिहून हाय ना! तुले नाई दिसत, तिले दिसून राह्यलं!"

नलूनं डोक्यावर पदर घेतला. "अवं माय! कडुनिंबाखाली थांबली. इथं नक्की कोन्या तरी देवाचं ठाणं हाय!"

तिनं तिथं नारळ फोडला. आदेशनं गाडी सुरू केली. निघाली की हो बिनतक्रार!

"पाह्यलं?" नलू म्हणाली.

पुन्हा वेग घेतला, पुन्हा "सावधान!" आता पळसाजवळ. पुन्हा नारळ, पुन्हा गाडी खूश! मग नाल्याच्या पुलावर. मागे ट्रॅक्टर थांबला, मोटारसायकली थांबल्या.

"काऊन थांबले, काका?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"गाडीले देव दिसते. पयला त त्या कडुनिंबाखालीच दिसला," मी छाती फुगवून सांगितलं. ट्रॅक्टरवाल्यानं चपला काढल्या!

"आबा, माह्यं लगन मोडते आता!" वर्षाली रडकुंडीला आली. अल्लीपूरच्या वेशीवर टोपलीतला शेवटचा नारळ फुटला. व्याह्यांसाठी उरल्या त्या करवंट्या!

मधुकरराव फाटकात उभे होते. आमच्याकडे पाहिलंही नाही, मनगटाकडेच पाहत होते. "तुमची वाट पाहून भटजी दुसऱ्या घरी गेले!"

मी हात जोडून सगळी कहाणी सांगितली. देव, नारळ, पडदा, सगळं! ते गाडीसमोर गेले, वाकले आणि पाटीमागून डोकावणारा दोरा ओढला. माझं लिंबू डोलत बाहेर आलं!

"बाबा!" आदेश ओरडला. "तिचे डोये हायेत तिथं! वाऱ्यानं लिंबू डोयासमोर उडे म्हणून ब्रेक लागे!"

"मंग काऊन सांगतलं नाई?"

"लटकवू नोका म्हटलं होतं ना!"

वर्षालीनं तोंड ओढणीत लपवलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण मधुकरराव हातातल्या लिंबाकडे एकटक पाहत होते. हळूच त्यांनी अंगणातल्या आपल्या नव्या कारकडे पाहिलं. तिच्या नाकावर वीतभर काळी बाहुली!

"व्याही," ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आमचीबी रोज फाटकातून निघाली की बोंबलते. मी कंपनीवाल्याले फोनवर शिव्या देऊन राह्यलो!"

"सोडून टाकू?"

"हळू बोला! सूनबाई पाहून राह्यली!"

दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसलो आणि बाहुली सोडली. उठताना एकमेकांना धरावं लागलं. त्यांचं ते गडगडाटी हसू ऐकून वर्षालीनं ओढणी खाली घेतली. भटजींना आणायला मधुकरराव स्वतः आपली कार घेऊन गेले, फाटकातून एकदाही न अडखळता!

साक्षगंध झोकात झालं. परत येताना गाडी वाऱ्यासारखी पळत होती. पण कडुनिंबापाशी गर्दी दिसली. दगडाला शेंदूर, वर भगवा झेंडा, आणि सकाळचा तोच ट्रॅक्टरवाला हात दाखवत उभा!

"काका, उतरा, पाया पडा! जागृत ठिकाण हाय. इथं गाड्या आपोआप थांबतेत!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात नलूनं मला कोपर मारलं. मी मुकाट्यानं उतरलो आणि पाया पडलो.

आता अल्लीपूरला जाता-येता आमची गाडी तिथं थांबतेच. ब्रेक नलू लावते!