रेडकरांचं नाक

आमच्या घरी येणारी माणसं दारात 'नमस्कार' म्हणतात, 'काय चाललंय' म्हणतात, फार घाईत असली तर इथल्या अरबीत नुसतं 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणतात. रेडकर हुंगतात.

दार उघडलं की उंबऱ्यावर थांबून, मान जराशी वर करून, डोळे मिटून ते दोनदा जोरात श्वास घेतात. मग एक डोळा उघडून म्हणतात, "वास येता हा." हे त्यांचं आगमन. त्यानंतर ते चपला काढतात.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझी बायको अश्विनी बिचारी आंघोळ करून आली. आम्ही नवीनच राहायला आलो होतो, आणि शेजारचा माणूस आपल्या घराला वास येतो म्हणतोय म्हटल्यावर पुण्याच्या मुलीला जे वाटायचं ते वाटलं. नंतर कळलं की रेडकरांचा आक्षेप आमच्यावर नव्हता. आमच्या गॅसच्या बाटल्यावर होता.

आम्ही राहतो ते घर बहारीनमध्ये, हमद टाउनच्या पलीकडे, खजुरीच्या बागांना लागून असलेल्या एका खेड्यात आहे. घरमालकानं आपलं जुनं बैठं घर मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडांना दिलंय. एकात आम्ही तिघं. मी मनामात एका कंपनीचे हिशेब तपासतो. दुसऱ्यात रेडकर एकटेच. ते कुडाळकडचे, तुबलीतल्या एका गॅरेजात ट्रकांची इंजिनं खोलतात आणि बहुतेक वेळा परत लावतातही. बहारीनमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, पण बोलताना ते अजून कुडाळच्या तिठ्यावरच उभे असतात.

भारतातल्या लोकांना वाटतं की आखातात थंडी नसते. त्यांनी जानेवारीत आमच्याकडे यावं. समुद्रावरचा ओला वारा बागांमधून सुटतो आणि फरशीतून थेट गुडघ्यात शिरतो. घर बांधणाऱ्यानं सगळा विचार उन्हाळ्याचा केलेला. म्हणून घरमालकानं दोन्ही बिऱ्हाडांना एकेक गॅसची शेगडी दिली होती. चाकांवरची लोखंडी पेटी, पुढे लाल होणाऱ्या तीन जाळ्या आणि मागे पोटात आख्खा बाटला. स्वयंपाकघरात दुसरा बाटला. म्हणजे रेडकरांना आमच्याकडे दोन बाटले, दोन रेग्युलेटर आणि दोन नळ्या हुंगायला होत्या. सुखी माणूस!

रोज संध्याकाळी तुबलीहून आले, हातपाय धुतले की ते आमच्याकडे. शर्टाच्या खिशात एक शांपूची बाटली, तीत साबणाचं पाणी, आणि एक दाढीचा ब्रश. "दाढी करूक इलंय," असं म्हणून ते उकिडवे बसत आणि रेग्युलेटरच्या सांध्याला फेस फासत. बुडबुडा आला तर गळती. बुडबुडा कधीच आला नाही. पण त्यामुळे ते निराश झाल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मग प्रश्नोत्तरं.

"सायबानू, रात्री बाटलो बंद केल्यात?"

"इंशाल्ला केला असेल."

"नॉबाक इंशाल्ला चलना नाय. केल्यात काय नाय?"

"केला."

"बरा." मग अश्विनीकडे वळून, "वयनी, च्या जरा कडक."

शेगडी पेटली की त्यांचा दुसरा कायदा लागू व्हायचा. खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. "गॅस आणि मेवणो, घरात इले काय खिडकी उघडी ठेवची," हे त्यांचं तत्त्वज्ञान. यातला मेव्हण्याचा भाग त्यांनी कधी उलगडून सांगितला नाही, पण काहीतरी झालेलं असणार. तेव्हा आम्ही शेगडीपुढे बसायचो आणि मागून वारा यायचा. पुढून पापड, मागून कुल्फी. माझी मुलगी ईरा इंग्रजी शाळेतली, तिला मराठी कळतं पण बोलायचं म्हणजे दात उपटून काढल्यासारखं होतं. ती रजईतून ओरडायची, "बाबा, अंकल इज स्निफिंग अगेन!" रेडकर खूश होऊन म्हणायचे, "पोरगी हुशार आसा. तिका पण वास इलो."

गॅसची गाडी हॉर्न वाजवत गल्लीत आली की पाहावं. सगळं गाव एक बाटला देतं, दुसरा घेतं आणि घरात जातं. रेडकर मात्र गाडीवर चढतात. कलिंगडं घ्यायला आल्यासारखे बाटल्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, कान लावतात, एखादा तिरका करून पाहतात. "हादा मफी जैन! दुसरा!" म्हणजे हा काही चांगला नाही. गाडीवाला मलबारी आहे. त्यानं एकदा मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं होतं की तुमच्या चाचाची तब्येत ठीक आहे ना.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. रेडकर गॅरेजातले पाने पुजून यायचे आणि मग घरची शेगडी पुजायचे. हळद, कुंकू, मनामातून आणलेला झेंडू. पहिल्या वर्षी त्यांनी उत्साहाच्या भरात आमच्या शेगडीपुढे नारळ फोडला. फोडला म्हणजे शेगडीच्याच कडेवर हाणला. पाणी सगळं जाळीत. बाहेर तेव्हा एवढा उकाडा की शेगडी कुणी पेटवणार नव्हतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. कळलं ते डिसेंबरात. पहिल्या थंडीला मी कौतुकानं शेगडी पेटवली आणि घरभर जळक्या खोबऱ्याचा धूर. रेडकर धावत आले, दारात थांबले, डोळे मिटून दोनदा हुंगलं आणि निर्वाळा दिला, "वास येता हा. पण गॅसचो नाय." मग ते निवांत चहा प्यायला बसले आणि मी पाटावर बसून जाळ्या घासल्या.

खरा कळस माझ्या साहेबांच्या वेळी झाला. मुंबईचे, मोठे गृहस्थ, सपत्नीक जेवायला आलेले. साहेबांना इथल्या उदाच्या अत्तराची नवी नवी गोडी लागली होती आणि ते त्यात बुडून आले होते. एवढ्यात रेडकर. दारात थांबले, हुंगलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग शेगडी बंद. मग वाकून वाकून वासाचा माग काढत साहेबांपर्यंत पोचले आणि त्यांच्या कॉलरशी नाक नेऊन मला म्हणाले, "सायबानू, गळती हयसून आसा." त्या रात्री माझ्या साहेबांनी श्रीखंड शाल पांघरून खाल्लं.

तर अशा सगळ्याला अश्विनी कंटाळली. मीही कंटाळलो होतो, पण मी नुसता कंटाळतो, ती काहीतरी करते. ईराला सर्दी झाल्याचं निमित्त झालं आणि अश्विनीनं विजेवर चालणारा तेलाचा हीटर आणला. पाठोपाठ इंडक्शनची शेगडी आली. घरमालकाला त्याची लाल जाळीची पेटी परत दिली आणि दोन्ही बाटले एका सकाळी गॅसच्या गाडीतून चालते झाले.

संध्याकाळी रेडकर आले. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. फरशीवर बाटल्याच्या बुडाचा गंजका गोल डाग तेवढा होता.

"म्हणजे बाटलोच नाय?"

"नाही काका. खलास," मी म्हटलं. मला गंमत वाटत होती. "आता तुमची ड्युटी संपली."

"बरा झाला," ते म्हणाले. "काळजीच नाय." आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी खिडक्या घट्ट लावून, पाय पसरून बसलो आणि स्वतंत्र देशाच्या नागरिकाचं सुख घेतलं. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. पुढे अंगणात दिसले तर हात वर करत, बस्स. अश्विनी सवयीनं त्यांच्या वाटणीचं दूध ठेवायची आणि मग ते विरजणात घालायची. आमच्याकडे दही फार व्हायला लागलं. घर छान ऊबदार होतं आणि संध्याकाळी करायला काही नव्हतं. शेवटी ईरानंच विचारलं, "व्हेअर इज स्निफिंग अंकल?"

त्यांचा एक स्टीलचा डबा आमच्याकडे राहिला होता, बांगड्याच्या तिखल्याचा. तो परत द्यायला म्हणून मी गेलो. दार लोटलेलंच होतं. रेडकर शेगडीपुढे बसून फोनवर बोलत होते.

"जेवलंस?... हां... बरी आसस?... हां." आणि शेवटी, "ठेव मग."

त्यांनी फोन खाली ठेवला आणि मला पाहिलं. मी काकूंची चौकशी केली. काकूंना मी फोटोतच पाहिलेलं. त्या कायम कुडाळला आणि हे इथे. लग्न झालं आणि यांचा व्हिसा आला, तेव्हापासून संसार सुट्टीपुरता.

"ती आता पुण्याक," रेडकर म्हणाले. "झिलान व्हेली. गुडघे दुखतत. फ्लॅट आसा, लिफ्ट आसा. सगळा बरा आसा."

"मग चांगलंच झालं की."

"पायपाचो गॅस आसा तेच्याकडे." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की क्षणभर मला वाटलं, पाइपगॅस हा मुलाचा काहीतरी दुर्गुण असावा.

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या सुट्टीत गेले तेव्हा त्यांनी गावच्या घरी गॅस आणला होता. वाडीतला पहिला. काकू त्याला घाबरायच्या. शेगडी पेटवून दारापर्यंत पळायच्या. रेडकर परत इकडे आले आणि जिवाला घोर लागला. तेव्हा फोन म्हणजे शेजाऱ्याकडचा, आणि बोलायला मिळायचं ते घाईघाईत, चार माणसं ऐकत असताना.

"चार माणसांत बायलेक काय इचारतलंय, सायबानू? इचारी, बाटलो बंद केलंस? ती म्हणा, केलंय. खलास. मगे माका झोप लागे." त्यांनी शेगडीचा नॉब उगाच चाचपला. "पुढे मोबाईल इलो, फुकटात बोलाक गावला, तरी आमचा ताच. रोज. केलंस? केलंय. त्याच्यावरना मगे पुढच्यो गजाली. आता बाटलोच नाय तर सुरवात खयसून करू? परवा म्हटलंय, जेवलंस? तर म्हणता, ह्या काय नवीन?"

ते हसले. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांचं लग्न एका रेग्युलेटरवर उभं होतं आणि कुणीतरी तो चांगल्या हेतूनं काढून नेला होता. पुण्यात मुलानं आणि इथे आम्ही.

मी घरी येऊन अश्विनीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडकरांच्या दाराचा आवाज आला तशी ती मला म्हणाली, "हाक मार त्यांना."

"काय म्हणून?"

"जे म्हटल्यावर ते येतील ते म्हणून."

मी अंगणात जाऊन ओरडलो, "काका! लवकर या, वास येतोय!"

एका पायात चप्पल, हातात ब्रश आणि शांपूची बाटली, असे रेडकर धावत आले. त्यांनी आधी स्वयंपाकघर पाहिलं. इंडक्शनच्या शेगडीला चारही बाजूंनी नाक लावलं. तेलाच्या हीटरला लावलं. बेसिनच्या खाली वाकले. मग सावकाश उभे राहिले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सायबानू, तुमच्या घरात गॅस खय आसा?"

मी अश्विनीकडे पाहिलं.

"नाहीच आहे ना, काका," अश्विनी चहा गाळता गाळता म्हणाली. "म्हणूनच तर कळत नाही वास कुठून येतोय ते."

रेडकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ब्रश खिशात ठेवला आणि खुर्चीवर बसले. अश्विनीनं कडक चहा पुढे केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, पुण्याला काकू पाइपाची चावी बंद करतात ना रात्री?"

"खयची चावी?"

"अहो, पाइपगॅसलाही असते. ओट्याच्या वर, पिवळी. माझी आई रोज रात्री विसरते आणि माझे बाबा रोज रात्री ओरडतात."

रेडकरांचा कप हवेतच राहिला. "माका कोण सांगूक नाय," ते पुटपुटले. मग कप ठेवला, फोन काढला आणि आमच्यासमोरच लावला. घाईत स्पीकरचं बटणही दाबलं गेलं. घंटी वाजत राहिली. पलीकडे कुणीतरी हळूहळू चालत आल्यासारखं वाटलं.

"गो," रेडकर म्हणाले, "पायपाची चावी बंद केलंस?"

पलीकडे खुर्ची ओढली गेली.

"केलंय," काकूंचा आवाज आला. मग, जरा रागानं, "इतके दिवस इचारूक नाय तां?"

रेडकर उठले आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीशी उभे राहिले.

"आता रोज इचारतलंय," ते म्हणाले.