गुरुवारी गिरणी बंद

“गुरुवारी गिरणीत दाना पडता कामा नाय, अंबू. परमेश्वर भाताचं पोतं घेऊन दारात आला, तरी म्हनायचं, देवा, उद्या या.”

हे सांगणारा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर गुरुवारी पहाटे अंघोळीचं पाणी अंगावर घेताना अंबूबाईच्या कानात तो आवाज यायचाच. कडावची भाताची गिरणी नवऱ्यामागं तिनंच चालवली. घर आणि गिरणी यांच्यात एकच भिंत. मोटर सुरू झाली की पट्ट्याचा शिवलेला सांधा दर फेऱ्याला चाकावर आपटायचा, ठप्, ठप्, ठप्, आणि भिंतीच्या अलीकडं देव्हाऱ्यातले देव हळूहळू सरकू लागायचे. संध्याकाळपर्यंत बाळकृष्ण अन्नपूर्णेच्या मांडीशी आणि गणपती पार काठावर. दिवा लावताना ती एकेकाला जागेवर बसवायची आणि मनातल्या मनात माफी मागायची. आठवड्यातून एक दिवस तरी देवांना स्वस्थ बसू द्यावं, एवढाच त्या माणसाचा हेतू होता, आणि अंबूबाईनं तो नेम कधी मोडला नव्हता.

रविवारी मात्र देवांचे हाल असायचे. एकतर त्या दिवशी गिरणीला भरडणाची गर्दी, आणि त्याच दिवशी तिचा मुलगा गजा आणि त्याचा मित्र लडकू यांना खोपोलीच्या कारखान्याची सुटी. लडकू खालापूरकडचा. त्याचा चुलतभाऊ बोटीवर होता, तो परदेशातून रेकॉर्डी आणायचा. गजाकडं रेकॉर्ड वाजवायची पेटी होती. ती देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवलेल्या टेबलावर असायची. त्या रेकॉर्डींतलं पहिलं गाणं सुरू झालं, तेव्हा पट्ट्यात कुणी माणूस सापडला असं वाटून अंबूबाई हातातलं सूप टाकून गिरणीकडं धावली होती. गिरणीत सगळे धडधाकट उभे. ओरडणारा माणूस पेटीत होता.

मग वाद. गजा म्हणायचा, ह्या धिंगाण्याचं मूळ अमेरिकेत. मोटारगाडी ठेवायच्या खोलीत चार पोरं जमली, वाजवता येत नसताना वाजवत सुटली, तिथून पुढचं सगळं. लडकू म्हणायचा, मूळ विलायतेत, अमेरिकेनं उचललं. कुठली रेकॉर्ड आधीची, कुठली बाजू खरी, कुणी पुढं पैशासाठी सूर सुधारला आणि बाटला, यावर दोघं जेवण निवेपर्यंत भांडायचे. सूर सुधारणं हे पाप कसं, हे काही अंबूबाईला कळलं नाही. ती वाढत राहायची.

असं चालू असताना एका रविवारी लडकूला शोध लागला. तो पेटीला कान लावून बसला होता. हात वर करून त्यानं गजाला गप्प केलं.

“खाली ऐक. समद्यांच्या खाली. ठोका हाय एक.”

गजानं ऐकलं. दुसरी रेकॉर्ड लावली, तिच्यातही होता. अमेरिकेची लावली, विलायतेची लावली, गाणं पळो की रांगो, खाली तोच ठोका, आपल्याच चालीनं चाललेला. दोघांचे चेहरे देव दिसल्यासारखे झाले. अमेरिका आणि विलायत दोन्ही फांद्या. मूळ त्याच्याही खाली आहे, आणि ते आपण दोघांनी कडावात शोधलं, असं ठरलं. त्या दिवसापासून त्यांची भांडणं कमी झाली.

लडकूनं तो ठोका खोपोलीत कितीजणांना सांगितला, सगळे हसले. फक्त कडावला, रेकॉर्ड लागली असताना, गजाची बहीण आवडी चहा ठेवताना थबकून म्हणाली, “हाय की. मगापासून वाजतंय.” लडकूनं तिच्याकडं वर मान करून पाहिलं आणि आठच दिवसांत मागणी घातली. पोरगा बिनव्यसनी, नोकरीचा, आवडीच्या मनात भरलेला. पण सोयरीक कशावर जमली हे ऐकून अंबूबाई चुलीपुढं मटकन बसली.

साखरपुड्याचा मुहूर्त निघाला गुरुवारचा. अंबूबाईला बरंच वाटलं. गिरणी बंद, घरात कोंडा उडणार नाही, देव जागच्या जागी. सकाळी वेणी घालून घेताना आवडी म्हणाली, “आये, आज काय इस्कटंल असं वाटतंय गं.”

“सुपारी फुटल्याबिगर पाव्हनं उठनार नायत,” अंबूबाई म्हणाली. “माझा शबुद.”

पाहुण्यांत लडकूचा मामा चांगो होता. मुंबईत रेकॉर्डच्या दुकानात काम केलेला, त्यामुळं गाण्यातलं शेवटचं मत आपलं, अशी त्याची समजूत. त्याला वाटे, या असल्या रेकॉर्डींना मूळ नाही न् शेंडा नाही, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा प्रकार. भाच्यानं त्याला महिनाभर ऐकवलं होतं, कडावला चल, ठोका दाखवतो. तेव्हा सुपारी फोडायच्या आधीच मामा म्हणाला, “काय ते मूळ दाखव बाबा एकदा. मग बाकीचं बघू.”

लडकूनं हात जोडून रेकॉर्ड लावली. माणूस ओरडू लागला. सगळे मान वाकवून ऐकू लागले. लडकूही ऐकू लागला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

ठोका नव्हता.

त्यानं दुसरी लावली, नव्हता. तिसरी लावली. गाणी नुसतीच वर वर किणकिणत होती, डासांसारखी. मामानं पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“कुठं हाय?”

“होता,” लडकू पुटपुटला. मग तो गजाकडं वळला. “सुई बदललीस तू. मामापुढं मला खोटं पाडाया. तुझी अमेरिका खाली पडली ना, त्याचा राग.”

गजा आधी चकित झाला, मग तापला. त्याच्या घरात, त्याच्या पेटीपुढं, पाहुण्यांसमोर त्याला लबाड म्हटलं होतं. तो म्हणाला, “सुई तीच हाय. तुझ्याच कानात भलतं वाजतं. आन् ज्याच्या कानात भलतं वाजतं, त्याला आमी बहीन कशी द्यावी?”

मामा उठलाच. जिथं पाहुण्याला येडा ठरवतात तिथली मुलगी नको, असं तो शांतपणे म्हणाला आणि पायताण शोधू लागला. बायका पदराआड गेल्या. ताटातली सुपारी तशीच राहिली.

अंबूबाईला कुणाच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून तिनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. देव सकाळी बसवले तसेच बसले होते. एकसुद्धा हलला नव्हता. तांब्यातलं पाणीसुद्धा स्थिर होतं.

तिनं भिंत पाहिली, भिंतीला टेकलेलं टेबल पाहिलं, टेबलावरची पेटी पाहिली. मग दाराशी उभ्या आवडीकडं पाहिलं, तर आवडीची नजरही त्याच भिंतीवर खिळलेली. मायलेकींचे डोळे एकमेकींना भिडले. आवडी सरकत जवळ आली.

“आये, सांगू नको,” ती कानात म्हणाली. “पट्टा ऐकत बसला हुता म्हनून मामा जल्मभर हसंल त्याला.”

अंबूबाईनं मान डोलावली. मग दोन पावलं पुढं होऊन, पदर सावरून, ती हळू आवाजात मामाला म्हणाली, “दादा, चहा न घेता जाऊ नगा. पेटी थंड पडली आसंल. मी चहा ठेवून येते. तवर लडकू, पुन्ना एक डाव लाव, बाबा.”

विहीणबाईंचा चहा नाकारणं मामाला बरं दिसेना. तो पायताण सोडून पुन्हा टेकला. गजा आणि लडकू एकमेकांकडं पाठ करून बसले.

अंबूबाईनं आधण ठेवलं, चुलीपाशी आवडीला बसवलं. मग देव्हाऱ्यापुढं येऊन तिनं बाळकृष्णाला तबकात मऊ फडक्यावर आडवं निजवलं, गणपतीला काठापासून आत घेतलं आणि गिरणीची किल्ली उचलली. वर नवऱ्याचा फोटो होता. त्याच्याकडं तिला नीट पाहवलं नाही.

“दाना टाकत नाय,” ती पुटपुटली. “नुसता पट्टा.”

आत लडकू सुई ठेवत होता. अंबूबाई मागच्या दारानं गिरणीकडं निघाली.