कणकेच्या डब्याचा निरोप समारंभ

गेल्या श्रावणात आमच्या घरातला कणकेचा डबा सेवानिवृत्त झाला. आम्ही त्याला शाल दिली, नारळ दिला आणि त्याने चार शब्दांचं मनोगतही व्यक्त केलं. चार शब्द बरेच लांबले, पण शलाकाबरोबर तिच्या माहेरहून आलेला डबा तो. त्याला मध्येच थांबवण्याची माझी तरी छाती नव्हती.

कारण वैद्यकीय होतं. आमची मुग्धा सात वर्षांची. तिचं पोट सारखं दुखायचं, वजन काही केल्या वाढायचं नाही आणि शाळेत बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या तेव्हा ही कडेला बसून त्यांच्या चपला राखायची. तपासण्या झाल्या. गहू तिच्या आतड्यांना सोसत नाही, तो कायमचा बंद, आणि आतडी सावरेपर्यंत दूधही बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत आहे. अशा गोष्टी तोंडी करू नयेत, एवढं मला कळतं. मी स्वयंपाकघरात सगळ्यांना गोळा करून आदेश वाचून दाखवला. कणीक सक्तीने सेवानिवृत्त, मैदा आणि रवा तिच्याबरोबर, दूध बिनपगारी रजेवर.

"आधी नोटीस द्यायची पद्धत असते," दूध उसळून म्हणालं.

"मुलीच्या दंडाकडे बघा एकदा," शलाका म्हणाली.

दुधाने बघितलं आणि ते खाली बसलं. तुपाने मात्र आपला दुधाशी काही संबंध उरलेला नाही, सगळं कढवून झालं आहे, अशी भूमिका घेतली. शलाकाने ती जागच्या जागी फेटाळली. मला गरम भातावर तूप लागतं, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

मग डब्याने विचारलं, "माझ्यामुळे दुखत होतं?"

"हो," मी म्हणालो.

"मग पोळपाट, लाटणं आणि परातही माझ्याबरोबर पाठवा. त्यांच्या अंगाला मी लागलेलो आहे."

आम्ही त्या सगळ्यांना शेजारच्या जमदाडे काकूंकडे पोचवलं. त्यांच्याकडे दोन्ही वेळा पोळ्या लागतात. शिवाय त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला चिकटून आहे, म्हणजे डबा अगदीच परगावी गेला असं झालं नाही.

रिकाम्या जागा तातडीने भरल्या. ज्वारी मुलाखतीला आली ती फुरंगटूनच. "गावाकडचे पाहुणे आले की तेवढी माझी आठवण," ती म्हणाली. शलाकाने तिची समजूत घातली आणि तिला घरच्या घरघंटीवर दळून मानाने रुजू करून घेतलं. नाचणीला सकाळची पाळी मिळाली. राजगिऱ्याने, आपण फक्त उपासापुरते राहणार नाही ना, हे स्पष्ट करून घेतलं आणि मगच लाडू व्हायला होकार दिला. शाळेच्या डब्यात तांदळाचं घावन आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी भडंग नाहीतर मुगाचं धिरडं, रविवारी नारळाच्या दुधात गूळ घालून तांदळाच्या शेवया. मी कोरा चहा प्यायला लागलो. त्याबद्दल अजून कुणी मला शाबासकी दिलेली नाही.

पण मुग्धाचं पोट दुखायचं थांबेना. कमी झालं, थांबलं नाही. एका संध्याकाळी ती धिरड्याची ताटली सरकवून रडायला लागली. "मला काहीच नको खायला. सगळंच दुखतं." शलाका तिला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. मला फार भीती वाटली. इतकी की मी सकाळी कामावर गेलोच नाही आणि चौकशी सुरू केली.

एकेकाला ओट्यावर बोलावलं. नाचणीचं निवेदन स्वच्छ होतं. तांदूळ शांतपणे म्हणाले, आम्हाला धुऊन बघा. ज्वारी राजीनामा द्यायला निघाली, तिला पुन्हा समजवावं लागलं. कुणाकडेच काही सापडेना. तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून डब्याची हाक आली.

"हिंगाची हजेरी घेतली होती का?"

घेतली नव्हती. चिमटीने लागणाऱ्यांना बैठकीला बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही. मी फळीवरची हिंगाची डबी खाली काढली.

"आत कोण कोण आहे?" मी विचारलं.

"मी आहे," हिंग म्हणाला. "आणि कणीक. मला एकट्याला मोकळं राहता येत नाही, गोळे होतात."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

शलाकाने डबी फिरवून पाहिली. मागे बारीक अक्षरांत तेच छापलेलं होतं. वरणाच्या फोडणीत हिंग, भडंगात हिंग, धिरड्यात हिंग. पोट दुखतं म्हणून आम्ही तिच्या बेंबीभोवती लावायचो तोही हाच हिंग, पण तो निदान बाहेरून. हिंगाला त्याच क्षणी बडतर्फ केलं. फोडणीचा कारभार जिरं आणि लसणीकडे गेला.

मग मी गॅलरीत गेलो. डबा कठड्यापाशी ऊन खात होता.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"तेवढा तरी तिच्या ताटात होतो," डबा म्हणाला. "काल इथपर्यंत तिचं रडणं ऐकू आलं."

यावर लेखी खुलासा मागवायला हवा होता. मी मागवला नाही.

दिवाळीपर्यंत मुग्धाचे गाल भरले. आता चपला दुसरंच कुणी राखतं. दुधाची रजा अजून संपलेली नाही, ते अधूनमधून चौकशी करतं. डबा मात्र रोज संध्याकाळी गॅलरीतून हाक मारतो आणि मुग्धा एका पायावर उड्या मारत कठड्यापर्यंत जाते. कालही गेली.

"जेवलीस का?"

"हो. भाकरी, पिठलं."

"भाकरी फुगली होती?"

"टम्म."

"पोट?"

"काही नाही."

मग डब्याने विचारलं, "पोळीची आठवण येते का गं?"

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. परवाच लग्नाच्या पंगतीत ती शेजारच्या ताटातल्या पोळीकडे टक लावून बसली होती, आणि ते मी पाहिलेलं तिला माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला तर चवही आठवत नाही."

"शहाणी गं माझी ती," डबा म्हणाला.

मग जमदाडे काकू आल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या, कारण त्यांची पोळ्यांची वेळ झाली होती.